दक्षिण टायरॉल: सकाळी डोंगर, दुपारी तीननंतर गाव

इटलीच्या अगदी उत्तरेला, ऑस्ट्रियाच्या सीमेला खेटून असलेला दक्षिण टायरॉल प्रांत सात-आठ दिवसांत नीट बघून होतो. फक्त दिवस उलटा लावावा लागतो. सकाळी निवांत गाव बघू, जेवू आणि मग रोपवेने वर जाऊ, असा बेत बहुतेक जण करतात आणि उन्हाळ्यात तो हमखास फसतो. दुपारी इथल्या डोलोमाइट पर्वताच्या सुळक्यांभोवती ढग गोळा होतात आणि तीन-चारच्या सुमाराला गडगडाट सुरू होतो. तिकडे खालच्या गावांत साडेबारा ते तीन निम्मी दुकानं आणि बरीच छोटी चर्च कुलपात असतात. म्हणून पहिल्या-दुसऱ्या रोपवेने वर जायचं, दोनच्या आत खाली यायचं आणि गाव तीननंतर बघायचं. दिवसभर पाऊस असेल तर डोंगर सोडून द्यायचा आणि संग्रहालयं उरकायची.

कधी जावं

सर्वांत चांगले सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे. हवा स्थिरावलेली असते, वादळं कमी, आणि डोंगरावरची विश्रामघरं अजून उघडी असतात. फुलांची कुरणं बघायची असतील तर जूनच्या मध्यापासून जुलैच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत जावं, कारण त्यानंतर गवत कापणीला येतं. मात्र जूनमध्ये २३०० मीटरच्या वर, उत्तरेकडच्या घळींत बर्फ साचलेला असतो. वाट नकाशावर सोपी दिसते आणि त्या पन्नास पावलांच्या टणक बर्फावर माणसं घसरतात. १५ ऑगस्टच्या मागचापुढचा आठवडा टाळा, कारण त्या दिवशी तिथे मोठा सण असतो आणि सगळी इटली सुट्टीवर असते. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात लार्चची झाडं सोनेरी होतात, पण तोवर उंचावरची बहुतेक विश्रामघरं बंद झालेली असतात. नोव्हेंबरमध्ये रोपवेही दुरुस्तीला जातात.

मुक्काम आणि प्रवास

म्युनिक आणि व्हेरोना यांना जोडणारी ब्रेनर रेल्वे १८६७ पासून या प्रांताच्या मधोमध धावते आणि पाहण्यासारखी बहुतेक जुनी गावं याच मार्गावर किंवा त्याच्या फाट्यांवर आहेत. मुक्काम रोज बदलण्यात अर्थ नाही. चार रात्री ब्रिक्सेनला आणि तीन रात्री बोल्झानोला, ही विभागणी सोयीची. ब्रिक्सेन ५६० मीटरवर आहे, रात्री गार वारा सुटतो, आणि बोल्झानो नि स्टेर्त्सिंग दोन्ही गाडीने अर्ध्या तासावर. बोल्झानो २६२ मीटरवर, डोंगरांच्या वाटीत बसलंय. जुलैत ते इटलीतल्या सर्वांत तापणाऱ्या शहरांपैकी एक असतं, त्यामुळे खोली घेताना वातानुकूलन आहे का हे आधी विचारा. आल्प्समध्ये जातोय म्हणून कुणी विचारत नाही आणि मग रात्रभर खिडकीशी बसतं.

खोली ठरवताना दुसरा प्रश्न विचारायचा तो ‘ज्यूडटिरोल गेस्ट पास’ मिळतो का. सहभागी हॉटेलं आणि घरगुती निवास हा पास देतात. त्यावर प्रांतातल्या बस, प्रादेशिक गाड्या आणि बोल्झानोजवळच्या रिटनसारखे सार्वजनिक वाहतुकीत धरलेले रोपवे वेगळं तिकीट न काढता वापरता येतात. लांब पल्ल्याच्या ‘युरोसिटी’ आणि ‘फ्रेच्चा’ गाड्यांत तो चालत नाही. त्याच फलाटावरून त्याही सुटतात, तेव्हा चढण्यापूर्वी गाडीचा प्रकार बघा. पास जवळ असला तरी प्रत्येक प्रवासाची नोंद करावी लागते: बसमध्ये चढताना आतल्या यंत्रावर, रेल्वेसाठी फलाटावरच्या यंत्रावर. नोंद न केलेला पास तपासनिसाच्या लेखी विनातिकीटच.

भाड्याची मोटार? पहाटेचा किंवा मावळतीचा प्रकाश टिपायचा असेल तरच घ्यावी. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. जुन्या गावांच्या गाभ्यात ‘झेड-टी-एल’ म्हणजे मर्यादित वाहतूक क्षेत्र असतं. तिथे अडवायला कुणी उभं नसतं, कॅमेरा नंबरपाटी टिपतो आणि दंड काही महिन्यांनी भाडेकंपनीमार्फत घरी येतो. शिवाय सगळ्यांत प्रसिद्ध जागांचे रस्ते ऐन दिवसा खाजगी मोटारींना बंद असतात किंवा आधी आरक्षण लागतं.

एका गावाची दोन नावं, कधी तीन

नवख्या माणसाचा सर्वांत जास्त वेळ यात जातो. पहिलं महायुद्ध संपेपर्यंत हा मुलूख ऑस्ट्रिया-हंगेरीचा होता, १९२० मध्ये तो अधिकृतपणे इटलीला जोडला गेला. आजही सुमारे ७० टक्के लोक जर्मन भाषक आहेत, पावपेक्षा थोडे जास्त इटालियन आणि चारेक टक्के लादिन ही इथल्या काही खोऱ्यांतली भाषा बोलणारे. प्रत्येक गावाला म्हणून जर्मन नाव आहे आणि इटालियनही. बोत्सेन म्हणजे बोल्झानो, ब्रिक्सेन म्हणजे ब्रेसानोने, हे कानाला कळतं. पण स्टेर्त्सिंग म्हणजे विपितेनो आणि वेल्शनोफेन म्हणजे नोव्हा लेव्हान्ते, हे सांगितल्याशिवाय कळत नाही. लादिन खोऱ्यांत तिसरं नाव येतं: सांक्ट उलरिख, ओर्तिझेई आणि उर्तिजेई हे एकच गाव.

उपाय साधा आहे. वहीत प्रत्येक ठिकाणाची दोन्ही नावं शेजारी शेजारी लिहून ठेवा आणि बसच्या ॲपमध्ये एका नावाने सापडलं नाही तर दुसऱ्याने शोधा. तरीही दोन फसगती होतातच. एक म्हणजे सांक्ट माग्दालेना. हे नाव फिल्न्योस खोऱ्यात आहे, बोल्झानोच्या वेशीवरच्या द्राक्षमळ्यांत आहे आणि ग्झीस खोऱ्यातही आहे. छायाचित्रांतलं ते चिमुकलं चर्च आणि मागे करवतीसारखे गाइसलर सुळके हवे असतील तर फिल्न्योसचंच हवं. दुसरी म्हणजे झाइस आणि झाइझर आल्म. पहिलं खालचं गाव, दुसरं त्याच्या वरचं पठार. ‘झाइझर आल्ममध्ये खोली’ म्हणून स्वस्तात मिळाली तर ती बहुधा खालच्या गावात असते.

झाइझर आल्म

इटालियनमध्ये आल्पे दि सिउझी. सुमारे ५६ चौरस किलोमीटरचं हे युरोपातलं सर्वांत मोठं उंचावरचं कुरण. झाइसहून वर जाणारा रस्ता खाजगी मोटारींना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच बंद असतो. तेव्हा बोल्झानोहून बसने झाइस, तिथून रोपवेने पंधरा-वीस मिनिटांत कोम्पाच, उंची १८४४ मीटर. गार्देना खोऱ्यातून यायचं तर ओर्तिझेईहून वेगळा रोपवे आहे. तो पठाराच्या दुसऱ्या टोकाला सोडतो. दोन्हींच्या परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ वर पोचताच पाटीवर वाचून घ्या. ती चुकली तर खाली चालत येणं म्हणजे गुडघ्यांचे हाल.

कोम्पाचहून पुफ्लाच माथ्याची फेरी ही पहिल्या दिवसासाठी उत्तम. चढ बेताचा, अडीच-तीन तासांची वाट, एका बाजूला लांगकोफेलचा ३१८१ मीटरचा कडा आणि दुसरीकडे सपाट माथ्याचा श्लेर्न. वाट सोडून गवतात शिरू नका. आपल्याला ते रान वाटतं, शेतकऱ्याच्या दृष्टीने तो गुरांचा हिवाळ्याचा चारा असतो. तुडवलेलं गवत आडवं पडतं आणि कापणीच्या पात्याखाली येत नाही. कुंपणाची फाटकं उघडली तशीच लावून घ्या. वासरांसोबतच्या गाईंपासून वीसेक पावलं दूर राहा. या गाई माणसाळलेल्या दिसतात, पण वासराच्या आणि आपल्यामध्ये कुणी आलं, विशेषतः कुत्रा घेऊन, तर थेट धावून येतात.

पाटीवरचा वेळ कसा वाचायचा

वाटांवर लाल-पांढरे-लाल पट्टे आणि मध्ये वाटेचा क्रमांक असतो. नकाशावर क्रमांक बघून चाला, गावाच्या नावामागे जाऊ नका, कारण एकाच ठिकाणी तीन वाटा जातात. पाटीवरचा वेळ निव्वळ चालण्याचा असतो. त्यात फोटो, पाणी, दम खाणं काही धरलेलं नसतं.

स्वतः हिशेब करायचा असेल तर आल्प्समध्ये रूढ असलेली पद्धत अशी: सपाटीवर तासाला ४ किलोमीटर, चढताना तासाला ३०० मीटर उंची, उतरताना तासाला ५०० मीटर. अंतराचा वेळ एकीकडे, चढ-उताराचा दुसरीकडे काढा. मोठा आकडा पूर्ण घ्या, लहान निम्मा घ्या आणि बेरीज करा. त्रे चिमे या तीन सुळक्यांभोवतीची प्रसिद्ध फेरी सुमारे १० किलोमीटर, ४०० मीटर चढ आणि तेवढाच उतार. अंतराचे अडीच तास. चढाचा १ तास २० मिनिटं, उताराची ४८ मिनिटं, मिळून २ तास ८ मिनिटं. त्याचं निम्मं १ तास ४ मिनिटं. एकूण ३ तास ३४ मिनिटं. डोंगर चालण्याची सवय नसेल तर यावर आणखी तिसरा हिस्सा चढवा आणि परतीची बस त्या हिशेबाने धरा.

इटालियन श्रेणीत ‘टी’ म्हणजे कुणालाही जमेल अशी वाट, ‘ई’ म्हणजे दमसास हवा, ‘ई-ई’ म्हणजे उघड्या कड्यावर पाय न डगमगणाऱ्यांसाठी. ‘व्हिया फेराटा’ लिहिलेलं असेल तर ती लोखंडी दोर आणि शिड्यांची वाट आहे. हेल्मेट, कमरेचा पट्टा आणि धक्का शोषणारी दुहेरी दोरी नसेल तर तिथूनच मागे फिरायचं. वादळात तर त्या तारेजवळही थांबू नये. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा आणि तिनाने भागा, तेवढे किलोमीटर वीज दूर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की धार सोडून खाली उतरायला लागा.

संकटात ११२. नेटवर्क नसेल तर मिनिटाला सहा खुणा, म्हणजे दर दहा सेकंदांनी शिट्टी किंवा टॉर्च, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. मिनिटाला तीन खुणा आल्या तर कुणीतरी ऐकलं असं समजा. प्रवास विम्यात हेलिकॉप्टरने सुटका धरली आहे का, हे निघण्यापूर्वीच वाचा.

कपड्यांचा हिशेब उंचीवरून करा. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात. बोल्झानोत ३३ अंश असतील तेव्हा २४०० मीटरवर १९-२०, आणि वारा सुटला की त्याहून गार वाटतं.

त्रे चिमे आणि ब्राइएस

दोन्ही जागा सुंदर आहेत आणि दोन्ही जागी माणसं फार आहेत. त्रे चिमेसाठी टोब्लाखहून ४४४ क्रमांकाची बस २३२० मीटरवरच्या औरोन्झो विश्रामघरापर्यंत जाते. उन्हाळ्यात तिची जागा ऑनलाइन आधीच घ्यावी लागते, ऐनवेळी चढता येत नाही. तिथून घड्याळाच्या उलट दिशेने निघा: लाव्हारेदो विश्रामघर, मग २४५४ मीटरची लाव्हारेदो खिंड, मग लोकातेल्ली विश्रामघर. पहिला भाग रुंद आणि सोपा, त्यामुळे ‘अर्धं झालं’ असं वाटून लोक पाणी आणि दम दोन्ही संपवतात. लोकातेल्लीनंतर वाट दरीत उतरते आणि तेवढंच पुन्हा चढते. खरी मेहनत तिथे आहे. सर्वांत मोठा सुळका २९९९ मीटरचा, पण प्रसिद्ध भिंत उत्तरेकडे असल्याने भर दुपारी ती सावलीत काळपट दिसते. फोटोसाठी भल्या सकाळची किंवा संध्याकाळची वेळच खरी.

ब्राइएस सरोवर १४९६ मीटरवर. काठाची फेरी साडेतीन किलोमीटर, तास-सव्वा तास. एका बाजूला पायऱ्या आहेत, बाबागाडी अडते. उन्हाळ्याच्या ऐन हंगामात सकाळपासून दुपारी चारपर्यंत पार्किंगचं आगाऊ आरक्षण असल्याशिवाय मोटार खोऱ्यातच सोडत नाहीत, आणि बसचं तिकीटही आधी काढावं लागतं. चारनंतर जा. नियम सैल, गर्दी ओसरलेली, पाणी तेच.

याहून कमी दगदगीत काही हवं असेल तर बोल्झानो स्थानकाजवळून रिटनचा रोपवे घ्या. बारा मिनिटांत सुमारे १२०० मीटरवर ओबरबोत्सेन, तिथून १९०७ पासून धावणारी छोटी रेल्वे क्लोबेनस्टाइनला. तिथून अर्धा तास चाललं की मातीचे मनोरे दिसतात. हिमनदीने आणून टाकलेली ही माती कोरडी असताना दगडासारखी घट्ट आणि ओली झाली की चिखल. पावसाने ती वाहून जाते, पण ज्या मातीवर मोठा धोंडा बसलाय ती छत्रीखाली राहिल्यासारखी टिकते. धोंडा पडला की तो मनोराही थोड्याच वर्षांत संपतो.

विश्रामघर आणि ताट

जर्मन भाषक याला ‘हुट्टे’ म्हणतात, इटालियन ‘रिफ्युजो’. रात्र काढायची तर आधी फोन करून जागा ठरवा आणि रात्रीचं जेवण-नाश्त्यासह म्हणजे ‘हाल्बपेन्सिओन’ सांगा. सोबत झोपण्याचं पातळ कापडी अस्तर लागतं, ब्लँकेट तिथे मिळतं. रोख पैसे ठेवा, कार्डयंत्र ढगात रुसतं. बूट दाराशी काढायचे असतात. पाण्याचे पैसे मागितले तर कुरकुर नको: डोलोमाइटचा भेगाळ खडक पावसाचं पाणी वर टिकू देत नाही.

शाकाहारींची उपासमार होत नाही, पण नाव नीट घ्यावं लागतं. ‘श्लुट्सक्राफ्फेन’ म्हणजे पालक आणि ताज्या चीजचं सारण भरलेल्या अर्धचंद्राकृती करंज्या, उकडून वर लोणी. ‘श्पिनाटक्न्योडल’ आणि ‘केझेक्न्योडल’ हे पालक नि चीजचे गोळे, शिळ्या पावाचे. नुसतं ‘क्न्योडल’ म्हटलं तर ‘श्पेक’ म्हणजे डुकराच्या मांसाचे येऊ शकतात. आणखी एक खाच: चीजचा गोळा ‘सूपमध्ये’ घेतला तर ते सूप बहुधा गोमांसाचं असतं. लोण्यातला मागा. गोडात ‘कायझरश्मारन’ म्हणजे तुकडे केलेलं जाड गोड धिरडं, एक प्लेट दोघांना पुरते.

गावं

बोल्झानोत दोन गोष्टी. एक, लाउबेनगास्से ही कमानींची बाजारपेठ. समोरून घरं अरुंद, पण आत फार खोल गेलेली. बाजाराच्या रस्त्यावर दर्शनी जागा मोजकीच, म्हणून व्यापारी मागे वाढत गेले. दोन घरांच्या मधल्या बोळात शिरून वर बघा: घराच्या पोटात उजेड यावा म्हणून ठेवलेले चौक दिसतात. दुसरी, ओत्झीचं संग्रहालय. १९ सप्टेंबर १९९१ रोजी ३२१० मीटरवर बर्फात सापडलेला हा सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा गोठलेला माणूस उणे ६ अंशांच्या कोठडीत आहे आणि एका छोट्या खिडकीतून दिसतो. पावसाच्या दिवशी सगळं शहर इथे रांगेत असतं, म्हणून वेळेचं तिकीट आधी ऑनलाइन घ्या आणि दुपारी चारच्या सुमाराची वेळ निवडा. खिडकीशी लोक मिनिटभर थांबतात. खरा वेळ त्याच्या तांब्याच्या कुऱ्हाडीला आणि गवत भरलेल्या बुटांना द्यावा.

क्लाउझेन म्हणजे एकच गल्ली, तासाभरात संपते. पण तिच्या डोक्यावरच्या खडकावर झेबेनचा मठ आहे. फरसबंद चढणीने पाऊण तास, आणि ती चढण पावसात निसरडी. ख्रिस्ती जोगिणी १६८६ ते २०२१ तिथे राहिल्या. जर्मन चित्रकार ड्यूररने १५०० च्या आसपासच्या एका ताम्रपट-चित्रात खाली हेच गाव कोरलंय. छापात ते आरशातल्यासारखं उलटं उमटलंय, त्यामुळे जुळवून बघताना डावं-उजवं बदला.

ब्रिक्सेनला कॅथेड्रलच्या शेजारचा चौकोनी ओवऱ्यांचा मठ चुकवू नका. छतभर भित्तिचित्रं आहेत, मान दुखेपर्यंत बघावीत अशी. त्यात युद्धातला एक हत्ती आहे. चित्रकाराने हत्ती पाहिलेलाच नव्हता, म्हणून त्याने घोडा काढला आणि त्याला सोंड लावली. चित्र पंधराव्या शतकातलं. खरा हत्ती गावात आला तो १५५१ च्या अखेरीस, पोर्तुगालच्या राजाने आर्चड्यूक माक्सिमिलिआनला दिलेली भेट म्हणून व्हिएन्नाला जाताना. तो उतरला होता त्या सराईने पुढे हत्तीचंच नाव घेतलं आणि ती अजून चालू आहे.

स्टेर्त्सिंग हे खाणींच्या पैशावर उभं राहिलेलं गाव, एक दुपार पुरे. मेरानला लोक बागेसाठी जातात, तिथल्या कमानीही पाहा. वेळ असेल तर मेरानहून छोट्या रेल्वेने माल्स आणि पुढे अडीच किलोमीटर चालत ग्लुर्न्स. साधारण नऊशे वस्तीचं हे गाव अजूनही अखंड तटबंदीच्या आत आहे. १४९९ च्या काल्व्हेनच्या लढाईनंतर ते लुटलं गेलं, मग तट बांधायला घेतला. तो पुरा होईस्तोवर व्यापार दुसरीकडे वळला होता, म्हणून गाव तटाबाहेर फारसं वाढलंच नाही.

संध्याकाळ

डोलोमाइटचा गुलाबी प्रकाश, ज्याला लादिन भाषेतून आलेला ‘एनरोझादिरा’ हा शब्द आहे, त्यासाठी वर मुक्काम करायलाच हवा असं नाही. शेवटचा रोपवे त्याच्या कितीतरी आधी सुटतो आणि त्या मोहात माणसं वर अडकतात. बोल्झानोतच टाल्फर नदीच्या पुलावर उभं राहा आणि पूर्वेकडे बघा. रोझेनगार्टन, म्हणजे ‘गुलाबाची बाग’, या डोंगराचा पश्चिमेकडचा कडा तिथून थेट समोर येतो. दंतकथेतल्या लाउरिन राजाने आपली गुलाबाची बाग ना दिवसा दिसावी ना रात्री, असा शाप दिला आणि तिन्हीसांजेला विसरला. जुलैत सूर्य नऊच्या सुमाराला मावळतो, त्याच्या वीस मिनिटं आधी पोचा. शहर तोवर सावलीत गेलेलं असतं, कडा तेवढा पेटलेला. ढग पश्चिमेला असतील तर रंग चढत नाही, परत फिरून जेवायला जा. बरीच स्वयंपाकघरं साडेनऊला बंद होतात.